जनावर

मोहफुलांच्या दिवसांत आरमोरीजवळच्या एका गावात मुक्कामाला होतो. काम काय, तर प्राण्यांची जुनी नावं गोळा करणं. हे काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर कुणी बाग करतं, कुणी योगासनं. मी अमरकोश काढला. घरच्यांनी मला गडचिरोलीला जाऊ दिलं, तेही जरा जास्तच आनंदानं.

दिवसा वही झकास भरायची. नीलगाय म्हटलं तर कोरे चेहरे, रोही म्हटलं की शिव्यांसकट उत्तर, कारण हरभरा त्यानंच खाल्लेला. भेकर म्हणजे भेडकी. सिरोंच्याकडच्या पाहुण्यानं वाघाला तेलुगूत पुली म्हणतात तेही सांगितलं. दिवेलागणीनंतर मात्र सगळी नावं गुंडाळून ठेवली गेली. वाघ असो, अस्वल असो, बोलायचं फक्त ‘जनावर’.

मला स्फुरण चढलं. ओसरीवर व्याख्यानच दिलं. संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्टोस, लॅटिन उर्सुस ही अस्वलाची नावं एकाच घरातली. पण रशियनांच्या पूर्वजांनी, बहुधा भीतीपोटी, मूळ नाव टाकलं आणि ते ‘मेद्वेद’ म्हणू लागले. मेद्वेद म्हणजे मध खाणारा. आपला मधु आणि अद् धातू त्याचे सख्खे भाऊ! श्रोते जांभया देत होते. यजमान तेवढे बोलले, “सकारी नदीकडच्या मोहाखाली एकटे जाऊ नोका जी. जनावर रायते.”

आता हा शब्द फारसी. जान आहे ते जानवर. म्हणजे मुंगीही चालेल. पण आमच्या सोलापूरकडे रात्री ‘जनावर निघालं’ म्हणजे साप, दुसरं काही नाही. मी निश्चिंत झालो. साप काय, बघून पाऊल टाकलं की झालं. पहाटे गमबूट चढवले आणि विजेरीचा झोत इमानेइतबारे पायांवर ठेवून मोहाखाली पोचलो. तिथं कुणीतरी काळं घोंगडं पांघरून, खाली वाकून फुलं वेचत होतं.

“काय मावशी, झालं का वेचून?” मी विचारलं.

मावशी दोन पायांवर उभी राहिली.

पंडितांची ही परंपरा जुनी आहे म्हणा. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १७९१ मध्ये याच अस्वलाची लांब वाकडी नखं बघून त्याला अमेरिकेतल्या झाडाला लटकणाऱ्या स्लॉथच्या गोतात बसवलं होतं. पुढं गोत सुधारलं, तरी इंग्रजीत बिचारं अजून स्लॉथ बेअरच आहे. शॉसाहेबांना निदान पळावं लागलं नसावं. माझा एक गमबूट बांधात रुतला, तो तिथंच राहिला.

मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. ते माझ्या मागं आलंच नव्हतं, असं नंतर गुराख्यानं सांगितलं. मोह सोडून ते माझ्यामागं कशाला येईल?

यजमानांच्या आईनं चहा पुढं केला. धाप जरा बसल्यावर अब्रू सावरावी म्हणून मी सांगू लागलो, “अमरकोशात याची नावं आहेत बघा, आजी. ऋक्ष, अच्छभल्ल, भल्लूक...”

“असन जी,” म्हातारी म्हणाली. “तुमी तं ‘आई गं, आई गं’ करत आले. मले वाटलं, मलेच हाक मारून रायले.”