फरशी रंगली, वाचन राहिलं

काशीला गेलेला मराठी यात्रेकरू दशाश्वमेधाच्या गर्दीतून कसाबसा सुटून दक्षिणेला वळला, की चार पावलांवर भिंतीवरची मोठी अक्षरं वाचतो: अहिल्याबाई घाट. मग नावाड्याच्या दराची पाटी वाचतो, लस्सीची जाहिरात वाचतो, 'जूते यहाँ उतारें'ही वाचतो. हिंदी त्याने शाळेत किती शिकली होती हे त्याच्या बोलण्यावरून लगेच कळतं. वाचताना मात्र कुठे अडत नाही. लिपी एकच, आणि वाचायला माणूस एकदाच शिकतो. ज्या भाषेत नीट शिकला, तिच्या जोरावर पुढच्या भाषा वाचतो.

घाटावर फुकट मिळणारं हे ज्ञान मंत्रालयात पोचायला वेळ लागतो. 16 एप्रिल 2025 रोजी पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर निघाला आणि 29 जूनला मागे घेतला गेला. मधले अडीच महिने पहिलीत कोणती भाषा हवी यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. पहिलीतल्या पोराला कोणतीही एक भाषा वाचता येते का, या प्रश्नावर मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

'असर' या शैक्षणिक पाहणीचा 2024 चा अहवाल सांगतो की देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम 23 जणांना दुसरीचा उतारा वाचता येतो. 2022 मध्ये 16 जणांना येत होता, म्हणजे प्रगती आहे. पेढे वाटावेत की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं.

यावर उपाय सांगणारे दोन पंथ आहेत. पहिला अक्षरवाल्यांचा: आधी मुळाक्षरं, मग काना-मात्रा, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि एवढं होऊन पोराच्या अंगात जीव उरला तर गोष्ट. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या वर चिन्हं ओलांडल्याशिवाय ससा-कासवाची भेट नाही. दुसरा पंथ वाक्यवाल्यांचा: चित्र दाखवा, वाक्य दाखवा, अक्षरं आपोआप उमगतील. ती उमगतात, पण ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्याला. ज्याच्या घरी छापील कागद फक्त किराण्याच्या पुडीला येतो, तो चित्र पाहून 'बैल' म्हणतो आणि खाली 'गाय' लिहिलेलं असतं.

शहरात तिसरा पंथही आहे. तो फी भरून फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या उच्चारांवरून वाचायला शिकवणाऱ्या, क्लासला जातो. इंग्रजीत अक्षर एक बोलतं आणि शब्द भलताच, म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना त्याची गरज पडते. इंग्रजीच्या मुलखात हे भांडण निदान 1955 पासून, रुडॉल्फ फ्लेशच्या पुस्तकापासून, धुमसतं आहे, आणि इंग्लंडने तर 2012 पासून सहा वर्षांच्या मुलांची फोनिक्सची सरकारी चाचणीच सुरू केली. 'क ला काना का' मात्र आजीने फुकट शिकवलं असतं.

मुलं ओरडून ओरडून कंटाळली असं कुणी म्हटलं, की अक्षरवाले परंपरेचा हवाला देतात: पाठांतर आपल्या रक्तात आहे! तेही तपासून पाहू. अहिल्याबाई घाटावरून गंगेच्या काठाने उत्तरेला गेलं की रामघाटावर सांगवेद विद्यालय लागतं. तिथे 2025 मध्ये अहिल्यानगरच्या एकोणीस वर्षांच्या देवव्रत महेश रेखे यांनी शुक्ल यजुर्वेदाचं दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पुरं केलं. सुमारे दोन हजार मंत्र, समोर पोथी नाही. पण वेदपाठात मंत्र नुसता घोकत नाहीत. त्याची पदं सुटी करतात, जोडीजोडीने पुन्हा गुंफतात, उलटसुलट फिरवतात, आणि स्वर चुकला की गुरुजी तिथल्या तिथे थांबवतात. आमच्या वर्गात चाळीस मुलं एका सुरात बाराखडी म्हणतात, त्यातल्या दहांचे नुसते ओठ हलतात आणि बाई तोवर मोबाइलवर माहितीची सरकारी लिंक भरत असतात. याला परंपरा म्हणणं हा परंपरेचा अपमान आहे.

नवविचारवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं हा विचार, खरोखर वर्गात आणला. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातून गुरुजी गाड्या भरभरून ते पाहायला गेले. परत येऊन अनेकांनी काय केलं? फरशीवर ऑइलपेंटने बाराखडी रंगवली. फोटो गटावर टाकला. केंद्रप्रमुखांनी अंगठा दाखवला. ज्ञानाची रचना पूर्ण झाली.

खरी गंमत अशी की या भांडणाचा निकाल महाराष्ट्रातच लागलेला आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी 1984 पासून दोन्ही पंथांना एका बाकावर बसवलं: थोडी अक्षरं, त्यांबरोबर एखादी मात्रा, लगेच त्यांचे शब्द, आणि पहिल्या दिवसापासून गोष्टी. इतरत्र मात्र काय चालतं? पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये संशोधकांनी तिथलीच ठरावीक मुलं आणि वर्ग सलग तीन वर्षं पाहिले. त्यांना दिसलं ते हे: अक्षरं संपेपर्यंत अर्थाला रजा, आणि लेखन म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं. स्वतःच्या मनातलं एक वाक्य लिहायला मुलाला कुणी सांगतच नाही. श्रुतलेखनात दहापैकी दहा मिळवणाऱ्याला 'काल घरी काय झालं ते लिही' म्हटलं, की तो शेजाऱ्याच्या वहीत पाहतो.

तीनशे वर्षांपूर्वी चौंडीच्या माणकोजी शिंद्यांनी आपल्या मुलीला, म्हणजे घाटावर नाव असलेल्या त्याच अहिल्याबाईंना, लिहायला-वाचायला शिकवलं, असं परंपरा सांगते. त्यांच्याकडे जीआर नव्हता, फरशीही रंगवलेली नव्हती. त्याच चौंडीत 6 मे 2025 रोजी राज्याचं मंत्रिमंडळ बैठकीला बसलं. जिल्ह्याचं नाव त्याआधीच बदलून अहिल्यानगर झालं होतं. पुतळे, घोषणा, जयंती, सगळं यथासांग झालं.

आता एवढंच करा. पुढचं अभियान दोन वर्षं काढू नका. पहिली-दुसरीच्या बाईंच्या मागची माहिती भरण्याची कामं काढून घ्या. त्या वेळात त्या रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवतील, चार अक्षरं नीट शिकवतील आणि प्रत्येक मुलाला त्याचं स्वतःचं एक वाक्य लिहू देतील. ते चुकलेलं असेल, ऱ्हस्व-दीर्घाचा बोजवारा उडालेला असेल. तरी ते वाक्य वाचा. राज्यातली ती एकमेव खरी पायाभूत चाचणी आहे.