पार्टवाले नाना

वाशीच्या बाजार समितीपासून कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलपर्यंत कुठेही उभे राहा, हाकेच्या अंतरावर एक नाना सापडतोच. कुणी त्यांना अण्णा म्हणतं, कुणी शेठ, कुणी नुसतं काका. खूण एकच: वीस-पंचवीस वर्षांची पिकअप आणि ती विकायची नाही हा निश्चय. गाडीच्या पाटीवर ठाण्याची एमएच-०४ असली तर नानांचा मान आणखी वाढतो. नवी मुंबईची एमएच-४३ लावून फिरणारे त्यांच्या लेखी कालची पोरं.

नानांच्या जगात काही गोष्टी घडलेल्याच नाहीत. टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, बजाज टेम्पोचं २००५ मध्ये फोर्स मोटर्स, आणि मायकोचं २००८ मध्ये बॉश. नाना आजही टेल्कोची गाडी चालवतात आणि तिचा पंप मायकोचा असतो. काउंटरवरचा पोरगा ‘बॉशचा देऊ का?’ म्हणाला की नाना त्याच्याकडे दयेने बघतात आणि म्हणतात, “तुझ्या वडिलांना बोलव.”

गाडी बिघडली की चारचौघं बॉनेट उघडतात. नाना आधी मागे जातात, सायलेन्सरपाशी. धूर काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. एअर फिल्टर बघा, नोझल बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या, खिशाला हात लावा. पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय, नाहीतर हेड गॅस्केट जाऊन पाणी आत शिरलंय. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरा दिसला तर नाना सोडून देतात. एवढं निदान होईपर्यंत चहा सांगितलेला असतो. चहा येईपर्यंत पाना उचलायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता.

पहाटेच्या भाजीपाला मार्केटात या शिरस्त्याला धार येते. जुन्नरकडून टोमॅटो घेऊन आलेली एक जुनी पिकअप गेटच्या तोंडाशीच बंद पडलेली असते. मागे हॉर्नचा जल्लोष. ड्रायव्हर घामाघूम. “नाना, बघा ना जरा. सेल्फ फिरतोय, पण स्टार्ट होत नाही. पंप गेला म्हणतात.”

पंप गेला असं म्हणणारे तिघं शेजारीच उभे असतात. पंपाचं काम म्हणजे हजारांची बात, आणि पैसे दुसऱ्याचे असले की निदान नेहमी महागच निघतं.

“काल काय काम केलंस गाडीचं?” नाना विचारतात.

“काही नाही. फक्त डिझेल फिल्टर बदलला.”

“मग ‘काही नाही’ कसं?”

नाना फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करतात आणि ड्रायव्हरला प्रायमर दाबायला लावतात. आधी नुसतं फुसफुस, मग डिझेलचा पांढरट फेस, मग फेसात मोठाले बुडबुडे. पंधरा-वीस दाबांनंतर बुडबुडे संपतात आणि डिझेलची सलग धार येते. नाना स्क्रू आवळतात, गाडी सुरू होते, टाळ्या पडतात, आणि दोन मिनिटांत गाडी पुन्हा बंद पडते. पंपवादी तिघांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं.

नाना मात्र खूश होतात. एअर परत आली म्हणजे ती कुठून तरी शिरतेय. फिल्टरच्या पाइपाचा पोकळ बोल्ट ते उघडतात आणि त्याखालचं तांब्याचं वॉशर नखावर घेऊन दाखवतात. फिल्टर नवा बसवला, वॉशर जुनंच ठेवलं. वर्षानुवर्षं दाबून दाबून तांबं कडक झालं की ते नीट बसत नाही, आणि इंजिन डिझेलबरोबर हवाही ओढतं. इतक्या पहाटे वॉशरचं दुकान उघडं नसतं, चहाची टपरी असते. नाना वॉशर चिमट्यात धरून टपरीच्या बर्नरवर लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात टाकतात. लोखंड असं केलं तर कडक होईल. तांबं मऊ होतं. बसवलं, एअर काढली, गाडी मार्गाला लागली. खर्च चहाचा. तोही ड्रायव्हर देऊ लागला तर नाना रागावतात.

पण नानांची खरी हुशारी पार्ट शोधण्यात. कंपनीच्या काउंटरवर ‘आता येत नाही’ हे उत्तर मिळालं की सामान्य माणूस गाडी विकायला काढतो. नाना जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर निघतात. गाड्यांच्या जगात प्रत्येकाची कुणाशी ना कुणाशी सोयरीक असते आणि नाना त्या सगळ्या घराण्यांचे मध्यस्थ. १९८८ साली आलेल्या टाटामोबाइल २०६चं इंजिन म्हणजे ४८३. चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ८३ मिलिमीटर. तेच पुढे सिएरात गेलं, १९९४च्या सुमोतही गेलं. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७चा बोअर. ते १९८६ साली आलेल्या ४०७च्या घराण्यातलं. त्यामुळे भंगारात पडलेली सुमो दिसली की इतरांना गंज दिसतो, नानांना माहेरची माणसं भेटतात.

गाडीचं नाव सांगून पार्ट मागणारा गिऱ्हाईक त्यांच्या मते कच्चा. पार्ट साइजने मागायचा. बेअरिंगवर ६२०५ लिहिलंय? शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, आतला व्यास २५ मिलिमीटर. ३०२०६चा ३०. ऑइल सीलवर ३५-५२-७ लिहिलं असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी समोरच आहे, मग कंपनी कुठली का असेना. हे आकडे जगभर सारखेच, त्यामुळे ६२०५ पिकअपमध्ये बसतं तसं विजेच्या मोटरीत बसतं आणि कपडे धुण्याच्या मशीनमध्येही. हे शेवटचं वाक्य नाना एकदा घरात बोलले. तेव्हापासून मशीनचा आवाज वाढला की काकू नाना बाहेर पडल्यावरच मेकॅनिकला फोन करतात.

घरात तसा पार्टना बराच प्रवेश आहे. बाल्कनीत दोन सेल्फ, पलंगाखाली गिअरबॉक्सचं हौसिंग, आणि फ्रिजवर काढून ठेवलेल्या नोझलांचा डबा. ‘जुन्याच आहेत ना, टाका’ असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: “नमुना लागतो.”

वर्षातून एकदा नानांचा सण असतो, तो म्हणजे फिटनेस. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. आदल्या दिवशी दिवे, हॉर्न, ब्रेक, रिफ्लेक्टर, सगळं झळाळून निघतं. २०२१ साली वाहन भंगार धोरण जाहीर झालं तेव्हा शेजाऱ्यांनी मोठ्या उत्साहाने नानांना बातमी दाखवली. नानांनी ती नीट वाचली आणि एकच मुद्दा उचलला: आता भंगारात जास्त गाड्या येणार, म्हणजे पार्ट स्वस्त होणार.

मुलाने मात्र अखेर बीएस-६ पिकअप घेतलीच. काही महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. नाना सवयीने सायलेन्सरमागे गेले; धूरच नव्हता. बॉनेट उघडलं, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ओळखीचं कुणी दिसेना. शेवटी लॅपटॉप घेऊन एक पोरगा आला, वायर जोडली आणि म्हणाला, “सेन्सर गेलाय काका, बदलावा लागेल.”

“जुना परत दे,” नाना म्हणाले.

पोराने सेन्सर दिला. नानांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, सेन्सर उजेडात धरला, त्यावरचे बारीक आकडे बिलाच्या पाठीवर उतरवून घेतले आणि विचारलं, “हा अजून कुणाकुणाला बसतो रे?”