बेळगाव मुंबईत, अमेरिकेच्या सौजन्याने

१९५६ साली बेळगाव-निपाणीचा पट्टा मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडला. या सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तारखा पडताहेत. अमेरिकेने मात्र एका बाबतीत निकाल लावून टाकलाय. तिकडचा नागरिक झालेल्या निपाणीकराने इथली मुलगी केली, की तिच्या स्थलांतरित व्हिसाची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात!

त्याआधी नवऱ्याने आय-१३० अर्ज भरून लग्न खरं असल्याचं पटवायचं. पुरावा म्हणून अल्बम. आमच्याकडे अक्षता टाकायला आलेली निम्मी माणसं वधूवरांना ओळखतही नसतात, पण फोटोत हटकून मधोमध, फेटा बांधून. आता त्या फेट्यांना भाव आलाय. मग आय-८६४ : नवऱ्याचं उत्पन्न अमेरिकी दारिद्र्यमर्यादेच्या निदान सव्वापट हवं. ही चौकशी मुलीच्या मामांनी कांदेपोह्यांच्या बशीवरच उरकली होती, तीही एकही फॉर्म न भरता. कन्नड दाखल्यांना इंग्रजी भाषांतर जोडायचं. मराठीत परिपत्रकं मागून थकलेल्या सीमावासीयाला त्याचं काय अप्रूप?

मुलगी तिकडे उतरली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर ग्रीन कार्ड सशर्त, दोनच वर्षांचं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, की संसार चालू आहे. निपाणीतल्या सासूबाई हीच खातरजमा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर करतात, फी न घेता.