बघ्याची भूमिका

विम्बल्डन पाहून आलेला माणूस सोसायटीला वीस वर्षं पुरतो. पूलचे सामने बघायला अमेरिकेला चाललोय म्हटलं की मात्र लोक आधी आपल्याकडे आणि मग आपल्या बायकोकडे बघतात. म्हणून आम्ही ‘डर्बीला चाललोय’ एवढंच सांगितलं. ऐकणाऱ्यांनी घोडे गृहीत धरले. लुईव्हिलची घोड्यांची डर्बी मे महिन्यात असते आणि आम्ही जानेवारीच्या कडाक्यात निघालो होतो, ही विसंगती कोणाच्या लक्षात आली नाही. महालक्ष्मीच्या कृपेने (रेसकोर्सच्या, देवळाच्या नव्हे) घोड्यांवर पैसे उडवणं आपल्याकडे कधीच प्रतिष्ठित झालंय. टेबलावर वाकून बॉल मारणं अजून व्हायचंय.

वास्तविक ही नाकं मुरडण्याचा आपल्याला काहीएक अधिकार नाही. पूलचं भावंड स्नूकर जन्माला आलं ते जबलपूरला, 1875 साली, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. वैयक्तिक खेळातलं भारताचं पहिलं जगज्जेतेपद आणलं ते पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी, 1958 साली, बिलियर्ड्समध्ये. आज पुण्यात हे नाव घेतलं तर समोरचा विचारतो, ‘बेकरी कुठेशी आहे?’ मुंबईचे बिलियर्ड्सपटू मायकेल फरेरा यांनी 1981 साली पद्मश्री नाकारली; गावसकरांना पद्मभूषण आणि आपल्याला पद्मश्री, हा हिशेब त्यांना पटला नाही. दोन वर्षांनी सरकारने मुकाट्याने पद्मभूषण दिलं. सरकारकडून दुरुस्ती करून घेतलेला एवढा एकच कागद आम्हाला माहीत आहे.

तर, डर्बी सिटी क्लासिक. 1999 पासून चालू असलेला हा पूलचा नऊ दिवसांचा उत्सव नावापुरता लुईव्हिलचा. प्रत्यक्षात खेळ होतो तो ओहायो नदीच्या पलीकडे, इंडियाना राज्यातल्या एका कॅसिनोत. इंडियानाने 1993 साली कॅसिनोंना परवानगी दिली ती अशी, की जुगार बोटीवर चालेल, जमिनीवर चालणार नाही. जमिनीवर पाप, पाण्यावर महसूल. पणजीकरांना हे उलगडून सांगायला नको. मांडवीच्या पात्रात हेच तत्त्वज्ञान दिवे लावून तरंगत असतं. पुढे इंडियानाने कायदा सैल केला आणि 2019 च्या डिसेंबरात हा कॅसिनो बोटीवरून काठावर आला. पापाचे पाय एकदाचे जमिनीला लागले.

आत शिरल्यावर स्लॉट मशीनांचा खणखणाट आणि सिगारेटचा धूर ओलांडला की पूलची दालनं लागतात. नऊ फुटी टेबलांच्या रांगाच रांगा. बॉल सव्वादोन इंचांचा, आपण बसलेले लांब पायऱ्यांवर, आणि मध्ये खेळणारा कंबरेत वाकलेला. जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंच्या पाठी आम्ही डोळे भरून पाहिल्या. बॉल नेमका कुठे गेला हे कळायला सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे बघतात. तो पडदा घरबसल्याही दिसला असता, पण तेरा हजार किलोमीटर आल्यावर असले विचार करायचे नसतात.

शेन व्हॅन बोनिंग इथे नेहमीचा. साउथ डकोटाचा, यूएस ओपन पाच वेळा जिंकलेला, जन्मापासून ऐकू कमी येणारा. खेळताना तो श्रवणयंत्र बंद करतो. आमच्या मागच्या गृहस्थांनी वेफर्सचं पाकीट सावकाश, दुसऱ्याला त्रास होऊ नये अशा बेताने उघडायला घेतलं, तेव्हा या सोयीचा आम्हाला मनापासून हेवा वाटला.

खरी पंचाईत निराळी. दालनात जो भेटेल तो विचारतो, पैसे कोणावर लावलेत? कोणावरच नाही, नुसतं बघायला आलोय, म्हटलं की तो एक पाऊल मागे सरतो. त्या इमारतीत जुगारी माणसाबद्दल कोणालाही शंका येत नाही. शंका येते ती न खेळणाऱ्या, न लावणाऱ्या, वहीत गुण टिपणाऱ्या मध्यमवयीन माणसाची. हा एक तर पोलिसांचा, नाहीतर कर खात्याचा.

इथे फी भरून कोणीही नाव नोंदवू शकतो आणि चिठ्ठी निघाली तर पहिल्याच फेरीत जगज्जेत्यासमोर उभा राहू शकतो. हरलात तर पुन्हा पैसे भरून एकदा परत येता येतं. (निवडणूक आयोगाने या नियमाकडे लक्ष देऊ नये. पक्षांनी दिलेलंच आहे.) सगळ्यात रंगतो तो वन पॉकेट. टेबलावर पंधरा बॉल, पण प्रत्येकाचं पॉकेट एकच; त्यात जो आधी आठ घालेल तो जिंकला. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात आपल्या पॉकेटात घालण्यापेक्षा दुसऱ्याच्या पॉकेटात काही पडू न देण्यातच निम्मी रात्र जाते. सहकारी संस्थेच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या माणसाला नियम समजावून घ्यावे लागत नाहीत.

मध्यरात्रीनंतर पैशांच्या खाजगी लढती लागतात, आणि तिथे खेळाइतकीच बोलणी बघण्यासारखी. थेट लग्नाची बैठक. एक जण म्हणतो, ‘मी नऊ करतो, तू सात कर, पण ब्रेक माझा.’ दुसरा म्हणतो, ‘नऊ-सात चालेल, ब्रेक मात्र मला.’ मध्यस्थ असतात, मानपान असतो, कोणीतरी रागाने क्यूचे दोन भाग सोडवून पेटीत घालतो आणि दारापर्यंत जातो, त्याला परत आणलं जातं. पैसे बहुधा खेळणाऱ्याचे नसतात. ते मागे खुर्चीत शेंगदाणे खात बसलेल्या माणसाचे असतात. तो फक्त मान हलवतो. तासभर ओढाताण होऊन अखेर गणित जमतं, तोवर एखाद्याला झोप लागलेली असते.

या बाजाराची परंपरा मोठी आहे. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस 1985 साली ह्यूस्टनला आला तो सीझर मोरालेस बनून. खऱ्या नावाने आला असता तर त्याच्यासमोर पैसे लावायला कोण उभं राहिलं असतं? 1999 साली तो कार्डिफला जगज्जेता झाला, खऱ्या नावाने. आपल्याकडे क्रम उलटा. माणूस आधी खऱ्या नावाने निवडून येतो, खोटी नावं पुढे सातबाऱ्यावर लागतात.

अशाच एका रात्री पहाटे अडीचला सौदा जमला आणि नवा पेच पडला. दोन्हीकडची रक्कम सांभाळायची कोणी? हजर असलेल्या प्रत्येकाने या नाहीतर त्या बाजूला काहीतरी लावलेलं होतं. मग सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. शेंगदाणेवाल्याने रबरबँड लावलेली गड्डी आमच्या हातात ठेवली, समोरच्यानेही ठेवली. अख्ख्या इमारतीत एवढा एकच माणूस कोणाचा नव्हता.

आम्ही वहीचं पान फाडलं आणि विचारलं, ‘पावती कोणाच्या नावाने करू?’

दोघांनी गड्ड्या काढून घेतल्या.