भाग पहिला

भूमिपूजनाला जामनेर तालुक्यात कधीच तोटा नव्हता. नारळ फुटतो, कोनशिला बसते, फोटो निघतो आणि पुढचं काम ठेकेदार व पावसाळा आपसांत वाटून घेतात. ही थोर परंपरा आता यूट्यूबवरही पोचली आहे. 'वेब डेव्हलपमेंट शिका मराठीतून, भाग पहिला' असे व्हिडिओ शोधू तितके सापडतात. भाग दुसरा तुरळक. भाग पाचवा कुठे दिसलाच तर कळवा, नगरपालिका चौकात सत्कार ठेवू.

या नव्या ठेकेदारीतले आमचे एक भाऊ घ्या. इंजिनिअरिंग झालं, पुण्याला नोकरी शोधून झाली, ती मिळाली नाही. म्हणून गावी परतून ती कशी मिळवावी हे शिकवू लागले. थंबनेलवर लाल बाण, भावांचा आ वासलेला चेहरा आणि मजकूर : 'फक्त 7 दिवसांत जावास्क्रिप्ट!' ब्रेंडन आइक यांना 1995 साली ही भाषा तयार करायलाच दहा दिवस लागले होते. बिचाऱ्यांना जामनेरचा क्लास ठाऊक नसावा.

व्हिडिओ सुरू होतो. राम राम मंडळी. चॅनल सबस्क्राइब करा, घंटी दाबा. मग इंटरनेटचा इतिहास, मग आयटीतली पॅकेजं, मग पुन्हा घंटी. इतक्या वेळात शेवभाजीला फोडणी बसून रस्सा उकळतो, पण भावांचं नोटपॅड काही उघडत नाही. यामागे शास्त्र आहे. व्हिडिओ आठ मिनिटांचा झाला की मध्येही जाहिरात लावता येते. त्यामुळे शिकवणं सुरू होतं ते नवव्या मिनिटाला, आणि तेही "हे तर तुम्हाला येतच असेल" या वाक्याने.

नेमकं तेच येत नसतं. पहूरच्या एका पोराने भावांच्या मागोमाग अक्षर न् अक्षर टाइप केलं आणि फाइल 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नावाने सेव्ह केली. नोटपॅडने गुपचूप मागे 'डॉट टीएक्सटी' जोडलं आणि विंडोजने ती शेपटी लपवून ठेवली. डबलक्लिक केलं की ब्राउझरऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतं. पोराने फोन लावला, "काय भो, वेबसाइट तर दिसतच नाही." भाऊ म्हणाले, "बरोबर आहे, ते अॅडव्हान्स आहे. पुढच्या भागात घेऊ."

पुढच्या भागात भावांनी प्रकल्प घेतला : पाचोरा-जामनेर रेल्वेचं वेळापत्रक. ही 'पीजे' 2020 च्या टाळेबंदीत थांबली, नॅरोगेजचा प्रवास तिथेच संपला. पण तक्ता कसा सुबक झाला! हिरव्या रंगात, गोल कोपऱ्यांचा. पान इंटरनेटवर चढवलं तेव्हा मात्र गाडीचा फोटोही गायब झाला. फोटोच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही नावं सारखीच. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. हा गुंता सोडवायचा म्हणजे पाचवा भाग. त्याला व्ह्यूज मिळत नाहीत. म्हणून भावांनी नवी मालिका काढली : 'यूट्यूबवर कोर्स विकून कमवा, भाग पहिला'.

मराठीतून हे काम धड होतच नाही, असं मात्र म्हणायची सोय नाही. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणकाचे धडे फुकट देतो. साधारण दहा मिनिटांचा एक धडा. आधी संहिता लिहितात, मग ती एखाद्या नवशिक्याकडून करून घेतात. तो जिथे अडखळला तिथे संहिता दुरुस्त होते आणि त्यानंतरच आवाज भरला जातो. शिकणाऱ्यानेही अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर आपलं काम ठेवून सोबत करत जायचं असतं. या धड्यांत कोणी आ वासत नाही, लाल बाण नाही, सात दिवसांची हमी नाही. त्यामुळे त्यांच्या लिंका व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत नाहीत, हेही ओघानेच आलं.

तेव्हा भावांनो, एवढंच करा. रेकॉर्डिंगआधी तुमचा धडा शेंदुर्णीच्या किंवा नेरीच्या एखाद्या अकरावीतल्या पोरीसमोर ठेवा आणि अर्धा तास तोंड बंद ठेवून बसा. ती जिथे थांबेल, तिथून शिकवायला सुरुवात करा. फाइलची शेपटी कशी बघायची ते दाखवा, फोटोचं नाव सगळं स्मॉल अक्षरांत का लिहायचं ते सांगा. आणि पाचवा भाग तयार झाल्याशिवाय पहिला अपलोड करू नका. नारळ तोवर चटणीला वापरा.