काजळी जाळायला तिरुचीला

अक्कांनी कंपाउंडच्या भिंतीवरून रसवांगीची वाटी पुढे केली आणि सोडलीच नाही. वाटीचा एक काठ त्यांच्या चिमटीत, दुसरा माझ्या. म्हणजे आज काहीतरी सांगायचं होतं, आणि ते सांगून होईतो मला आत जायची सोय नव्हती.

"कळलं का गं? काल रात्री गाडी परनूरला पोचली."

"कुठली गाडी, अक्का?"

"आमचीच की. विकलेली."

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. तंजावूरच्या मेडिकल कॉलेज रोडला लागून जी नगरं वसलीत, त्यातल्या एकात आमची आणि अक्कांची भिंत सामाईक. आम्ही सांगलीचे, नोकरीपायी इथे आलेलो. अक्का आणि रायर मात्र व्यंकोजीराजांच्या मागून आलेल्या घराण्यातले, साडेतीनशे वर्षांचे मुरलेले. त्यांचं मराठी मला पहिला महिनाभर तमिळच वाटायचं. आता मी माहेरी गेले की आई म्हणते, तू हेल काढून बोलायला लागलीस.

रायर बँकेतून निवृत्त झाले ते 2020 साली, आणि फंडाचे पैसे हातात येताच त्यांनी भलीमोठी डिझेल एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. भिंतीला कान असतात, आणि ही भिंत तर जेमतेम चार इंची. गाडी आली ती थेट पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनच्या दारात. चाकांखाली लिंबं चिरडून झाली, बॉनेटवर झेंडूचा हार पडला, टीएन 49 च्या पाटीला कुंकू लागलं. परतताना राजवीथीतलं वडिलोपार्जित घर दाखवायला म्हणून रायरांनी ती गल्लीत घातली. आरसे मिटले तरी अंग चोरेना. पुढे बैल, मागे रिक्षा. शेवटी अर्ध्या गल्लीने ओरडून ओरडून गाडी उलटी बाहेर काढली. चुलतभावांना गाडी दिसली नाही ती नाहीच.

अक्कांचं म्हणणं पहिल्यापासून एकच. "दोन माणसं आम्ही, पोरगा बंगळुरात. सात सीट कोणासाठी?" तो बंगळुरातला पोरगा पोंगलला येतो, बसने.

गाडीचा रोजचा प्रवास म्हणजे सकाळी मोठं देऊळ, तिथून कीळवासलला भाजी, आणि घर. पुरते सात किलोमीटरही होत नसत. पाच-सहा महिन्यांत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. रायर घाबरले, गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोराने सांगितलं, सार, डीपीएफ भरलाय.

हे डीपीएफ प्रकरण मला अक्कांनीच समजावलं, आणि खरं सांगते, इंजिनिअर असलेल्या माझ्या दिरापेक्षा चांगलं. एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम आले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर एक जाळी असते, मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. धुरातली काजळी ती धरून ठेवते. पोळं भरत आलं की इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडून धूर तापवतं, अगदी सहाशे अंशांच्या आसपास, आणि काजळी जळून जाते. "चुलीच्या धुराड्याचं असतंच की तसं, अधूनमधून जाळ मोठा करावा लागतो." फक्त त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटं एका चालीने पळायला हवी. देवळापर्यंत जाऊन बंद केली की जाळणं अर्धवट राहतं, ते वरचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, दिवा पुन्हा लागतो. तरी दुर्लक्ष केलं की गाडी रुसते, वेगच घेत नाही. मग वर्कशॉपात कॉम्प्युटर जोडून काजळी जबरदस्तीने जाळायची, त्याचं बिल वेगळं. आणि जाळीच बदलायची झाली तर सर्व्हिसवाल्याने जो आकडा सांगितला तो अक्कांनी मला बोटांनी दाखवला, तोंडाने नाही.

म्हणून मग दर रविवारी तिरुची. पंचावन्न-साठ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. वल्लम, सेंगिपट्टी, तुवाकुडी. दोनदा आम्हीही गेलो होतो, मागच्या सीटवर. मी आपली थर्मासमध्ये कॉफी घेऊन, सहलीच्या उत्साहात. रायर स्टिअरिंगला असे बसलेले की जणू रथाच्या दोऱ्या हातात आहेत. वेगाचा काटा ऐंशीवर, नजर दिव्यावर. दिवा सेंगिपट्टीच्या अलीकडेच विझला. अक्का म्हणाल्या, आता आलोच आहोत तर श्रीरंगम करून येऊ. रायर म्हणाले, इंजिन बंद करायचं नाही. तिरुचीच्या वेशीवर त्यांनी उड्डाणपुलाखालून वळण घेतलं आणि आम्ही परत तंजावूरला. रंगनाथाला लांबूनच नमस्कार. कॉफी थर्मासमध्येच.

"काजळी जाळायला तिरुचीला," अक्का कोणालाही सांगायच्या. "लोक काशीला पाप जाळायला जातात."

आता सर्व्हिसची गोष्ट ऐका. पहिल्या तीन सर्व्हिसला मजुरी नव्हती, तोवर सगळं गोड होतं. चौथ्या वेळेस जॉब कार्डावर एकेक ओळ वाढत गेली. इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, अलाइनमेंट-बॅलन्सिंग. गाडीने तिरुचीचा रस्ता सोडून दुसरा रस्ता पाहिलेला नाही, तिला अंडरबॉडीला काय झालं? पण सर्व्हिस अॅडव्हायजर टॅब्लेट पुढे धरून "रेकमेंडेड सार, रेकमेंडेड" करायला लागला की रायर सही करून मोकळे. बँकेत तीस वर्षं इतरांच्या सह्या तपासणारा माणूस!

अक्कांनी मग एक काम केलं. पुढच्या सर्व्हिसच्या आदल्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्या कुंकवाची कोयरी घेऊन पोर्चमध्ये आल्या. रायरांना बॉनेट उघडायला लावलं, एअर फिल्टरचं झाकण काढायला लावलं, आणि फिल्टरच्या कडेला बोटाने टिकली लावली. अगदी टपोरी. दुसऱ्या दिवशी गाडी धुऊनपुसून आली, बिलात एअर फिल्टर नवा. बॉनेट उघडलं. टिकली जागच्या जागी, सौभाग्यवती.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण अक्कांच्या सांगण्याप्रमाणे मॅनेजरने आधी मशीनची चूक सांगितली, मग पोराची, मग कॉफी मागवली. फिल्टर बदलून मिळाला. आणि दोन दिवसांनी त्याच पोराचा फोन: मामी, कंपनीकडून फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह जातो. अक्कांनी काय द्यावे? दहा दिले. "त्याची बायको बाळंतीण आहे गं," म्हणाल्या. मला वाटतं, या दहाच्या आकड्यावरच त्या धंद्याचं सगळं तरून जातं.

गाडी विकायचं ठरलं ते गेल्या वर्षी, रायरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. आमच्या ह्यांचा डोळा त्या गाडीवर होता, हे आता सांगायला हरकत नाही. मीच मोडता घातला. ओळखीतली गाडी घेतली की तिचा प्रत्येक खडखडाट दोन घरांचा होतो, आणि ही भिंत मला हवी आहे.

जुलैमध्ये तिरुचीचा एक ब्रोकर येऊन गेला. पोरगेलाच, पण नजर सोनाराची. टायरच्या कडेचे चार आकडे वाचून त्याने सांगितलं, हे टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातले. गाडी 2020 ची आणि टायर तिच्याहून थोरले! दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले. बॉनेटच्या नटांचा रंग उडालाय का ते पाहिलं. मग सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याने तो चक्क हुंगला. अक्का म्हणाल्या, तंबी, हे काय? तो म्हणाला, मामी, 2015 च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली ना, तेव्हापासून सवय लागली. पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन इकडे दक्षिणेत विकल्या जातात. सीट बदलतात, गालिचा बदलतात, पण बेल्टची गुंडाळलेली टोकं कोणी धूत नाही. गाळ तिथे सापडतो.

सगळं पाहून त्याने सर्व्हिसची बिलं मागितली. आणि तिथे रायर अडकले. पाच वर्षांतली फक्त दोन सापडली, तीही बागेच्या खताच्या पावतीबरोबर. कंपनीच्या कॉम्प्युटरात नोंद आहे म्हणाले, पण टिकलीच्या प्रकरणानंतर ते बाहेरच्या गॅरेजमध्ये जात होते. अक्का तेव्हा जे म्हणाल्या ते मी वहीत लिहून ठेवलंय. "सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांचा अख्खा वंश मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवला. तुम्ही रोज त्या भिंतीला प्रदक्षिणा घालता. आणि पाच वर्षांची बिलं राहिली नाहीत तुमच्याकडून?"

ब्रोकरने दिलेला आकडा रायरांना अपमानासारखा वाटला. ते म्हणाले, आयुधपूजा होऊ दे, मग पाहू. मला वाटतं त्यांना शेवटची पूजा करायची होती, पैशाचं निमित्त होतं. पण मधेच 22 सप्टेंबर आला. मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत जात होता, तो सरसकट चाळीसवर आला. शोरूममधली नवी गाडी उतरली, की अंगणातली जुनी आपोआप उतरते. आयुधपूजेला गाडीला चंदन लागलं, आणि दुसऱ्या आठवड्यात ती जुलैच्या आकड्याहून बरीच खाली गेली. पैसे त्याच दिवशी खात्यात, किल्ली ब्रोकरच्या हातात. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. बाकीचं मी बघतो सार, तो म्हणाला.

त्याने काही बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी रायरांच्या मोबाइलवर कृष्णगिरीहून वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान आलं. रायर हसले, मी तर इथे इडली खातोय. आमचे हे हसले नाहीत. त्यांनी भिंतीशी येऊन सुप्रीम कोर्टाचा 2018 च्या फेब्रुवारीतला निकाल सांगितला. एकाने 2007 साली गाडी विकली, ती पुढे आणखी हातांतून गेली, 2009 मध्ये अपघातात माणूस दगावला, आणि नोंदणी अजून पहिल्याच्याच नावावर. कोर्ट म्हणालं, पुस्तकात ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याने द्यावी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ब्रोकरकडे आरटीओचं अधिकारपत्र असतं तर 2023 च्या एप्रिलपासूनच्या नियमाने गाडी ताब्यात घेतल्यापासून जबाबदारी त्याच्यावर गेली असती. त्याच्याकडे होतं फक्त व्हिजिटिंग कार्ड.

अक्कांचा चेहरा पडला. इन्शुरन्सचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, पुढच्या छोट्या गाडीला लावता आला असता, हेही ह्यांनी तेव्हाच सांगितलं. वाईट वेळ निवडली, दुसरं काय.

तर असं आहे. आरटीओत अर्ज आता गेलाय, ब्रोकर फोन उचलतोय, खरेदीदार सापडलाय. होईल. पण आजची वाटी त्यासाठी नव्हती.

"फास्टॅग काढायचाच राहिला गं काचेवरून," अक्का आवाज खाली आणून म्हणाल्या. "टोल ह्यांच्या खात्यातून जातो. दर वेळी मेसेज. काल संध्याकाळी समयपुरम. मग सेंगुरिची. मग विक्रवांडी. रात्री परनूर. चेन्नईला गेली बघ."

"अहो मग बंद करा ना तो. बँकेत एक फोन."

"तेच तर. मी महिन्यापासून म्हणतेय. हे म्हणतात, करतो, करतो. रात्री बाहेर आरामखुर्चीत फोन घेऊन बसतात. मेसेज आला की मला आत येऊन सांगतात, विक्रवांडी ओलांडली. काल म्हणाले, दोन तासांत इतकं आलीय म्हणजे बरी पळतेय, दिवा लागत नसणार आता."

मी काहीच बोलले नाही.

"वाटलं, खात्यातले पैसे संपले की आपोआप थांबेल," अक्का म्हणाल्या. "आज सकाळी पाहिलं. ह्यांनी पाचशेचा रिचार्ज मारलाय."

आणि मग त्यांनी वाटी सोडली.