श्रीमान परिच्छेद ५९५ साहेब यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान परिच्छेद क्रमांक ५९५ साहेब,
मुक्काम सैन्य नियमावली, १९८७

यांसी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बिगरपेन्शनर शिपायाच्या नातवाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली ओळख फार उशिरा झाली, याची खंत वाटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या आजोबांचे कागद मागितले, तेव्हा उत्तरात आपलं शुभनाम प्रथम वाचलं. पेन्शनराचे कागद ५० वर्षं ठेवायचे, बिगरपेन्शनरचे २५ वर्षं, मग नष्ट करायचे. कुणाच्या कागदाचं आयुष्य किती, हे इतकं नेमकं ठरवणं चित्रगुप्तालाही साधलेलं नाही.

आजोबा बिगरपेन्शनर राहिले हा दोष अर्थात त्यांचाच. दारव्ह्याहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेत बसून मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं ते पलटणीत गेले, लढले, आणि लढाई संपली म्हणून १९४६ साली घरी धाडले गेले. शिपायाच्या पेन्शनीला पंधरा वर्षं लागतात. जपाननं आणखी अकरा वर्षं नेट धरला असता, तर आमचंही काम झालं असतं. तेव्हाच्या २५ लाखांच्या फौजेतले बहुतेक जण असेच सुटले. इतक्या लोकांना एका ओळीत निकाली काढणारी आपली लेखणी धन्य होय.

बाहेरच्या देशांत या कामाला केवढा खटाटोप पडला! लंडनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या निम्म्याहून अधिक फायली जळाल्या, पण त्यासाठी सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांना बॉम्ब टाकावे लागले. अमेरिकेत सेंट लुईसला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि दीड कोटीहून अधिक फायली गेल्या. तिथले वेडे लोक अजूनही करपलेले कागद सोडवत बसलेत. आपण ना बॉम्ब मागितला, ना काडी. काटकसर म्हणतात ती ही.

एक शंका विचारतो, राग नसावा. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही २५ वर्षांचंच बोलतो. गोपनीय नसलेला कागद २५ वर्षांचा होऊन राष्ट्रीय अभिलेखागारात पोचला, की तो अभ्यासकांना पाहायला मिळावा, असं त्यात आहे. म्हणजे ज्या वयात साहेबाची फाईल दिल्लीला जनपथावर मानानं राहायला जाते, त्याच वयात शिपायाचा शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीचा कागद, आपण मोक्षाला पाठवता. २०२१ च्या धोरणानुसार पलटणींच्या युद्धडायऱ्याही आता अभिलेखागारात जायच्या आहेत. टेकडी कुणी घेतली ते नातवंडांना वाचता येईल. टेकडी चढताना गोळी कुणाच्या मांडीत गेली, असल्या बारीकसारीक गोष्टींचा जाच आपण वाचवलात.

अर्जाच्या वाटेबद्दलही आभार मानले पाहिजेत. आम्ही अडाणी, आधी अभिलेखागाराकडेच निघालो होतो. शिपायाच्या फायली तिथं नसतातच, ज्याच्या त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, हे नंतर कळलं: मराठा पलटणीच्या बेळगावला, महार पलटणीच्या सागरला. (आमची पलटण कोणती ते लिहीत नाही. तिथल्या बाबूंचा काय दोष, ते तर आपले ताबेदार.) अर्जात सैनिकी नंबर, पलटण, वडिलांचं नाव, गाव, तालुका, नोकरीतून सुटल्याची तारीख लिहायची आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. नंबर डिस्चार्ज बुकात असतो. डिस्चार्ज बुक हरवलं म्हणून अर्ज करावा, तर अर्जाला नंबर हवा. नशीब, आजोबांनी तो आपल्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगानं लिहून ठेवला होता. आपल्यापेक्षा त्या पेटीची नोंद पक्की निघाली म्हटलं तर उद्धटपणा होईल, म्हणून म्हणत नाही.

तरी आपण अगदीच रिकाम्या हातानं पाठवलं नाहीत. लाँग रोल नावाची वही शिल्लक असते, तिच्यातली एक ओळ मिळाली. भरती अमुक तारखेला, सुटका तमुक तारखेला. मधली चार वर्षं आमच्या कल्पनाशक्तीवर सोडण्याइतका विश्वास आपण टाकलात.

आजोबांनी मात्र एक संधी घालवली. ते मेले असते तर सापडले असते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे त्या युद्धात पडलेल्या ८७ हजार हिंदी जवानांची नावं आहेत, फुकट शोधता येतात. ज्यांची कबर नाही, चिता नाही, अशा राष्ट्रकुलाच्या फौजांतल्या सुमारे २७ हजार जणांची नावं रंगूनच्या स्मारकावर कोरलेली आहेत. आजोबा परत आले, ज्वारी पेरली, पोरं वाढवली, आणि त्यापायी कायमचे बेपत्ता झाले.

आजीचीही तक्रार नव्हती. महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं, त्याला सैन्यातल्या नोकरीचा पुरावा लागतो. गावात आमच्या घराला आजही ‘पलटणवाल्याचं घर’ म्हणतात, पण ते काही साक्षांकित नाही. आपला कागद येईस्तोवर आजीनं वाट पाहिली नाही. घाई, दुसरं काय.

आता एकच विनवणी. २००० साली पेन्शनीविना घरी आलेल्या जवानांचे कागद २०२५ मध्ये २५ वर्षांचे झाले. त्यांतले काही आपल्या यवतमाळचे, पुसदचे, वणीचेही असतील. ते नष्ट करण्याआधी त्यांच्या घरी एक पोस्टकार्ड टाकाल का, की या आणि घेऊन जा? जागा आपलीच मोकळी होईल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
पलटणवाल्याचा नातू

सोबत : आजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातली नक्कल. गावच्या अल्पशिक्षित कोतवालानं शंभरेक वर्षांपूर्वी केलेली नोंद आहे, तहसिलीत मागितल्यावर मिळाली. पाहून झाल्यावर खुशाल नष्ट करावी. मूळ बुक तहसिलीनं जपून ठेवलंय.